जेवणाच्या डब्याएवढी वीज

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी शेड आहे. नवरा आणि मी एकाच वर्गात शिकलो, त्यामुळे अरे-तुरे आणि भांडणं दोन्ही तेव्हापासूनची. गेल्या वर्षी एका भट्टीवाल्यानं बर्नरसाठी पॉवर सप्लाय मागितला. हजारो व्होल्टचा, ठिणगी एकदा पेटली की विझायला नको, सतत जळत राहिली पाहिजे. आणि आकार? म्हणे, जेवणाच्या डब्याएवढा!

नवरा त्यापायी वेडाच झाला. रोज इथून थोडं काप, तिथून थोडं काप. मी ओरडायचे, "अरे, वरच्या टोकापासून खालच्या पत्र्यापर्यंत चार बोटं तरी जागा सोड, नाहीतर ठिणगी खाली उडेल."

"मधात चिनीमातीचा इन्सुलेटर आहे ना. तू काहून एवढी भिऊन राहिली?"

त्यानं दोनच बोटं सोडली. मी चिडून बोलणंच टाकलं.

दसऱ्याला शेडमधल्या साऱ्या मशिनी धुऊन पुजायच्या, हे आमच्याकडे ठरलेलं. नरखेडकडच्या गावाहून सासूबाई आल्या होत्या. लेथला, ड्रिलला ओलं हळदकुंकू लावून त्या या पॉवर सप्लायच्या उघड्या डब्यापाशी थांबल्या. लेकाचं काम म्हणून त्यांनी जरा जास्तच मायेनं पांढऱ्या इन्सुलेटरवर वरपासून खालपर्यंत कुंकवाचं बोट ओढलं आणि वर झेंडूची ओली माळ घातली. ओल्या रेघेवरून वीज खाली उतरेल म्हणून मी पुसायला फडकं उचललं, तर नवऱ्यानं हात धरला.

"दसऱ्याचं कुंकू आजच्या आज पुसत असते का? उद्या पुसू. आज थोडंच चालू करायचं आहे?"

तेही खरंच. दसऱ्याला आमच्याकडे कोणी मशीनचं बटण दाबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर स्कूटर लावत होते, तेव्हा आतून कापड फाडल्यासारखा आवाज आला. धावले. माळ बाजूला काढून ठेवलेली, कुंकू तसंच. ठिणगी जिथं पेटायची त्या दोन टोकांमध्ये नव्हतीच. माळेखाली ओलसर राहिलेल्या कुंकवाच्या रेघेवरून ती खाली पत्र्यावर उतरली होती आणि तिथेच त्याची बोटं होती. मी मेन स्विच पाडला. त्याचा डावा हात खिशात होता म्हणून जीव वाचला, नाहीतर करंट एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीतून गेला असता.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताची दोन बोटं राहतील की नाही, सांगता येत नाही. सासूबाई खाटेशी रडत उभ्या होत्या.

"माह्याच हातानं झालं का वं हे?"

"नाही आई. जागाच कमी होती," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते, पण त्यांचं रडं थांबेना. आता लेकानं एक शब्द बोलावा, एवढंच मला वाटत होतं.

तो आमच्याकडे बघतही नव्हता. डाव्या हातानं त्यानं एक्स-रेच्या पाकिटावर नव्या डब्याचं चित्र काढलं होतं.

"तेलातून ठिणगी लवकर उडत नाही. सारं तेलात बुडवलं ना, तर एका बोटाचीच जागा लागते वं. अजून लहान होते हे."

माझं डोकंच फिरलं. पाकीट हिसकावून घेतलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत फाडलं.

तो हसला. "फाड नं," म्हणाला. "डोक्यात आहे माह्या."