तीन नंबरची बुरशी

महाबळेश्वरच्या पावसाळ्यात बुरशी कुठं धरत नाही ते विचारावं. चपलेवर, उशीवर, देवाच्या तसबिरीमागं, सगळीकडं तिचं राज्य. रंगूबाईचं वैर मात्र फक्त संडासातल्या बुरशीशी होतं. बाहुबलीशेठच्या सहा खोल्यांच्या लॉजची राखण आणि साफसफाई तिच्याकडं होती. शेठ राहायचे सांगलीला. जूनमध्ये लॉज बंद करून गेलेले दसऱ्याच्या तोंडावर उगवायचे आणि आधी संडास बघायचे. सीट हिरवी, टाकीखालची भिंत काळी. त्र्याहत्तर साली त्यांनी सांगून टाकलं, "पुढच्या दसऱ्याला हे दिसलं, तर मी दुसरी बाई बघतो."

रंगूबाई जाणार तरी कुठं? नवरा नाही, गावी गुंठाभर जमीन नाही, आणि राहायची खोलीसुद्धा लॉजचीच.

तिनं करायचं काय बाकी ठेवलं होतं? राखेनं घासलं, सोड्यानं घासलं, ब्लीचिंग पावडरनं स्वतःच्या हाताची सालं काढून घेतली. शेठच्या हुकमानं चुनाही फासला. आठ दिवसांत बुरशी चुन्यातून वर आली. दुसरी कुणी कपाळाला हात लावून बसली असती. हिला त्या बुरशीचंच नवल वाटायला लागलं. ही खाते काय, आणि सरकते कुठून कुठं? चौऱ्याहत्तरच्या जुलैत तिनं प्रत्येक संडासातल्या डागाभोवती कोळशानं रेघ ओढली आणि रोज भर दुपारी कंदील घेऊन बघायला जाऊ लागली. डागानं रेघ ओलांडली की पुढं नवी रेघ.

पाच खोल्यांत रेघांवर रेघा चढल्या. चार नंबरात डाग आहे तिथंच. रंगूबाई पोतं पांघरून मागच्या बाजूला गेली. पावसापासून जपायला तिथं दरवर्षी भिंतींना गवताच्या ताट्या बांधतात, झरोक्यांसकट. चार नंबरच्या झरोक्यावरचं गवत माकडांनी उपसून नेलं होतं. आतली कोंदट हवा तिथून बाहेर जात होती. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं कुणाला दिसू नये, याचा तिला रागच आला.

ताट्या बांधणारा धुळा म्हणाला, "मावशे, गवत काढलंस तर शेठ दोघांस्नी हाकलंल."

"काढत न्हाई. झरोक्याम्होरं काठ्या लावून छपरागत उचलती. पाऊस बाहेर, वारा आत."

चार नंबर उघडाच होता; तिनं एक, दोन, पाच आणि सहा नंबरचं गवत तसं उचललं आणि सगळीकडची बुरशी सोड्यानं घासून काढली. तीन नंबरची सुद्धा. तिथलं गवत मात्र तसंच ठेवलं, आणि पुन्हा धरणाऱ्या बुरशीभोवती रेघा ओढत राहिली.

दसऱ्याआधी शेठ आले आणि नेमके तीन नंबरात शिरले. बाहेर आले ते लालबुंद होऊन. "चाव्या द्या, रंगूबाई."

रंगूबाईनं कमरेचा जुडगा सोडला. तो देताना ती म्हणाली, "देती. पर आधी बाकीच्या खोल्या बघा."

शेठनी पाचही संडास पाहिले. चार नंबरात जुना डाग निघून गेलेल्या जागी नुसती कोळशाची रेघ होती. भिंती कोरड्या, सीटा स्वच्छ. तिनं त्यांना रेघा कशासाठी ते सांगितलं आणि मागं नेऊन उचललेलं गवत दाखवलं. शेठनी मान वर करून एकेक झरोका मोजला.

"मग तीन नंबर का नाही केलं?"

"मुद्दाम न्हाई केलं. समद्या खोल्यांचं गवत उचललं असतं, तर बुरशी वाऱ्यानं गेली का घासल्यानं, ते कसं कळलं असतं?"

"आणि मी तेवढंच बघून तुम्हाला काढलं असतं तर?"

रंगूबाईनं खरोखरच विचार केला.

"तर गेली असती नोकरी," ती म्हणाली. "पर मला कळलं तरी असतं."

शेठनी चाव्यांचा जुडगा तिच्या हातात परत ठेवला, आणि कंदील मागून घेऊन पुन्हा तीन नंबरात गेले, रेघा बघायला.