वाढलेली गोळी आणि म्हशीचा पीळ

"मॅडम, मोठं सायब न्हाई आलं का?"

गोठ्याच्या तोंडाशीच भाऊसाहेबांनी विचारलं. मी गमबूट चढवत होते. आमचे ड्रेसर, म्हणजे दवाखान्यातले मदतनीस, सोनवणेमामा गाडीतून औषधांची पेटी काढत होते. आतली म्हैस उठत होती, बसत होती, पुन्हा उठत होती.

"सर जामखेडला कॅम्पला गेलेत. आज मीच आहे," मी म्हणाले.

मी शेवगाव तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर आहे. म्हैस होती मुक्ताबाईंची. भाऊसाहेब त्यांचे दीर. मुक्ताबाई दोन म्हशींच्या दुधावर घर चालवतात, आणि ही त्यातली चांगली म्हैस. सकाळपासून कळा देत होती, पण पाणमोट, रेडकाभोवतीची पाण्याची पिशवी, काही येत नव्हती.

हातमोजा घालायला गेले आणि भाऊसाहेबांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं.

"आवं मॅडम, तुमचा हात लई कापतोय की."

कापत होताच. कारणही मला माहीत होतं.

मला थायरॉईड आहे, म्हणजे गळ्यातली ती ग्रंथी कमी काम करते. तिची उणीव भरायला रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची. बरीच वर्षं एकाच डोसवर ठीक चाललं होतं. मग अंगावर सूज यायला लागली, केस गळायला लागले, दुपारी खुर्चीतच डोळे मिटायला लागले. नगरच्या माझ्या डॉक्टरांनी रक्त तपासून डोस वाढवला. पहिले काही दिवस काहीच कळलं नाही. ही गोळी तशीच आहे, अंगात मुरायला वेळ घेते. आणि मग एकदम उलटंच सुरू झालं. उभ्या गाडीची रेस कुणीतरी वाढवून ठेवावी तसं. बसल्या जागी छाती धडधडायची, घाम फुटायचा, घरात चमचा पडला तरी मी खेकसायचे. आणि हात थरथरायचा.

आमच्या सरांच्या हे लक्षात आलं होतं. ते म्हणाले, "थोडे दिवस ओपीडी सांभाळा. फील्ड मी बघतो." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण फील्डवर बाई नको म्हणणाऱ्यांची समजूत घालत मी इथवर आले होते. आता माझ्या हातानंच मला खुर्चीत बसवावं, हे पचत नव्हतं. त्याच सकाळी मी नगरच्या डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, "उद्या या, रक्त तपासू, ईसीजी काढू. तोवर दगदग नको. आणि मनानं गोळी बंद करायची नाही." एवढ्यात मुक्ताबाईंचा फोन आला होता.

मी भाऊसाहेबांना सरळ सांगितलं, "थायरॉईडची गोळी वाढलीय, म्हणून हात कापतोय. तपासायला अडचण नाही. जे जमणार नाही ते मी करणार नाही."

भाऊसाहेब सोनवणेमामांकडे बघायला लागले. मुक्ताबाई मात्र म्हणाल्या, "तुमी बघा मॅडम. माझी म्हैस हाय."

मी हात आत घातला. बाहेर कापणारी बोटं आत गेल्यावर नीट वाचत होती. वाट सरळ नव्हती, ओला कपडा पिळावा तशी वळलेली होती. गर्भाशयाला पीळ पडला होता, उजवीकडचा. म्हशींमध्ये हे बरंच दिसतं. पीळ सुटल्याशिवाय रेडकू बाहेर येऊ शकत नाही, आणि उशीर झाला तर दोन्ही जीव जातात.

पोट फाडणं हा एक मार्ग. तो त्या दिवशी माझा नव्हता, त्या हातानं टाके घालायचे नाहीत हे मी ठरवून आले होते. दुसरा मार्ग म्हशीला लोळवण्याचा. पीळ ज्या बाजूचा, त्या बाजूवर जनावर आडवं पाडायचं, पोटावर लांब फळी तिरकी टेकवून तिच्यावर एकानं उभं राहायचं आणि त्याच दिशेला झटक्यात फिरवायचं. फळीमुळे गर्भ जागेवर राहतो आणि म्हैस त्याच्याभोवती फिरते. याला माणसं लागतात, दोर लागतात आणि हुकूम देणारं एक डोकं लागतं.

शेजारी स्लॅबचं काम चालू होतं. तिथून सेंटरिंगची फळी आली, माणसंही आली. म्हैस आडवी केली, पाय बांधले.

"फळीवर कोण?" सोनवणेमामांनी विचारलं.

एरवी मी स्वतः उभी राहते. पण आता तेवढ्यानंही धाप लागली असती. भाऊसाहेब पुढे आले, पण त्यांचं वजन म्हशीला झेपलं नसतं.

"मुक्ताबाई, तुम्ही या."

"मी व्हय?" म्हणत त्यांनी पदर खोचला आणि सोनवणेमामांच्या खांद्याला धरून फळीच्या खालच्या टोकावर उभ्या राहिल्या. म्हशीशी बोलत राहिल्या, "गप गं माझी बाय, गप."

पहिल्यांदा लोकांनी म्हैस जपून, हळूहळू फिरवली. मी हात घालून पाहिलं. पीळ तसाच.

"हळू फिरवून उपयोग नाही. मी 'हां' म्हटलं की एकदम!"

"आन् काय मोडलं तर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"जबाबदारी माझी. हां!"

पीळ अर्धा सैल झाला. माझी छाती धडधडत होती. मी बादलीवर टेकले, दोन मिनिटं नुसता श्वास घेतला. पुन्हा उठले.

"हां!"

यावेळी हात घातला आणि कोपरापर्यंत सरळ गेला. पाठोपाठ भसकन पाणी आलं. रेडकाचे पुढचे पाय हाताला लागले. मी दोरीचे फास टाकले. दोरी जाड होती, थरथरत्या हातालाही जमली. कळेबरोबर ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. शेवटी रेडकू बाहेर आलं, शिंकलं आणि मान झटकली.

"वगार हाय! मादी हाय!" भाऊसाहेबच ओरडले.

म्हशीला शिरेतून कॅल्शियम द्यायचं होतं. मानेची शीर मी अंगठ्यानं दाबून फुगवली आणि सुई सोनवणेमामांच्या हातात दिली. भाऊसाहेब ते बघत होते. निघताना त्यांनी माझी पेटी स्वतः गाडीपर्यंत आणली.

दुसऱ्या दिवशी नगरला गेले. ईसीजी चांगला आला. टीएसएच मात्र फार खाली गेला होता. टीएसएच म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारा मेंदूकडचा हुकूम. अंगात गोळी जास्त झाली की मेंदू हुकूम देणंच कमी करतो. डॉक्टरांनी डोस थोडा खाली आणला, जुना आणि वाढलेला यांच्या मधला. दीड महिन्यानं पुन्हा तपासणी, तोवर धीर धरा, म्हणाले. हळूहळू धडधड थांबली, झोप लागायला लागली. पुढच्या तपासणीत टीएसएच जागेवर होता, आणि मी बैलाच्या खांद्याला स्वतः टाके घातले. सरांनी ते टाके पाहिले आणि फील्डची ड्युटी पुन्हा माझ्या नावावर लावली.

नंतर नव्या डॉक्टरांच्या ट्रेनिंगमध्ये ही केस मांडायला सरांनी मलाच उभं केलं. मी थायरॉईडचा भागही वगळला नाही. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हात कापत असताना गेलात. भीती नाही वाटली?"

"वाटली ना," मी म्हणाले. "म्हणून तर सुई दुसऱ्याला दिली."

सर मागच्या रांगेत बसले होते. टाळ्यांची सुरुवात त्यांनीच केली.