दाराबाहेरच्या चपला

मंडळी, आज चक्क चपलांचा फोटो टाकतेय. हसू नका, आधी ऐका.

नव्वदच्या दशकात पनवेलला भाड्याच्या खोलीत मी बायकांसाठी कॉम्प्युटर क्लास काढला. कॉम्प्युटर एकच, त्याला माझ्या आईने शिवलेलं कव्हर! आत धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या, हा तेव्हा सगळीकडचाच नियम. कितीतरी दिवस दारात फक्त माझ्याच चपला असायच्या.

मग जवळच्या विचुंबे गावची मंदा यायला लागली. ती चपला काढून भाजीच्या पिशवीत टाकायची आणि पिशवी मांडीवर घेऊन टायपिंग शिकायची. सासू त्याच रस्त्याने बाजाराला जायची ना, चपला ओळखल्या असत्या! तिचं बघून इतरजणीही पिशव्या आणू लागल्या. खोली गच्च आणि दारात तरीही फक्त माझ्याच चपला.

आज विचुंब्यातच आमचा मोबाईल शिकवायचा वर्ग सुरू झाला. आता चपलांचा नियम नाही. तरी मंदाने भर रस्त्यावरच्या दारात त्या काढून नीट मांडल्या.

मी विचारलं, "पिशवी कुठाय?"

"नाय आणली, बाई. दिसू देत आता सगल्यांना."

तुमच्या घरातली कोण काय लपूनछपून शिकली होती? विचारलंय कधी तिला?