सायकलच्या ट्यूबचं वायसर

वारंगा फाट्यावर धम्मानंदचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, पण ट्रकवाले त्याला ओळखायचे ते पेचांच्या आट्यांसाठी. पुण्याकडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं त्यानं लेथवर आटे पाडले होते. कारखाना बंद पडला तसा तो गावाकडं परतला. पेच दोन फेरे फिरला, की तो सरळ चाललाय का तिरपा चढलाय, हे धम्मानंद डोळे मिटून सांगायचा.

ई-सिगारेटवर बंदी आली तेव्हा विकणारे गायब झाले, ओढणारे मात्र राहिले. चोरून आणलेली ती नळकांडी बिघडली की ड्रायव्हर मंडळी हळूच धम्मानंदच्या काउंटरवर ठेवायची. खाली बॅटरी, वर रसाची टाकी आणि दोन्ही जोडणारे बारीक आटे. सगळं दुखणं तिथंच. घाईत वाकडी बसवली की आटे झिजायचे, रस झिरपला की चिकटून बसायचे, फार आवळली की मधली पितळी पिन आत दबायची. धम्मानंद कापसानं आटे पुसायचा. टाकी आधी उलटी फिरवायचा, बोटाला बारीकशी 'टक' जाणवली की मगच सुलटी. "हातानं बसंल तेवढीच बसवा, पकड लावू नका," असं प्रत्येकाला बजावायचा.

उकंडराव त्याचा जुना दोस्त. कुरुंद्याचा, पिकअपमधून हळदीची पोती हिंगोलीला न्यायचा. वीस वर्षांची तंबाखू सोडायची म्हणून त्यानं ते यंत्र धरलं, आणि आता तेच सुटत नव्हतं. सोमवारी सकाळी तो दुकानात शिरला.

"जय भीम, धम्मानंदा. हे पाय बरं, धूरच देऊन न्हाई राहिलं."

धम्मानंदनं खोलून पाहिलं. पकडीनं आवळल्याच्या खुणा टाकीवर स्पष्ट होत्या. पिन आत गेली होती, आणि पिन व बाहेरचं कडं यांना वेगळं ठेवणारं इवलंसं वायसर चिरलं होतं. ते नसलं तर पिन कड्याला भिडणार आणि बॅटरी पेटणार. बंदीच्या मालाचं नवं वायसर आणायचं तरी कुठून?

"राहू दे इथंच," धम्मानंद म्हणाला. "धोक्याचं हाय."

"आरं, चार दिस झाले, डोकं फुटून राहिलंय माझं. पुन्ना तंबाखू खाऊ का? कर कायतरी."

शेवटी धम्मानंदनं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेतला, ब्लेडनं गोल कातरला, पिन वर ओढून तिच्याखाली बसवला. तापलं की हे रबर मऊ पडतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण टाकी बसली, धूर निघाला आणि उकंडराव लेकरासारखा हसला. त्यानं चहा मागवला. 'खिशात ठेवू नको' हे शब्द धम्मानंदच्या अगदी ओठांवर आले होते. ते हसणं पाहून तो गप्प राहिला.

मंगळवारी दुपारी उकंडरावच्या बायकोचा, संगिताचा फोन आला. "भाऊ, कनेरगाव नाक्याला ढाब्यावर बसले व्हते. खिशात कायतरी फुटलं. मांडी जळाली हो! हिंगोलीच्या दवाखान्यात आणलंय."

जीपमध्ये बसल्यापासून धम्मानंदला एकच आशा होती, की फुटलेलं दुसरंच काही असावं. बाळापूर गेलं, कळमनुरी गेली. मोबाईल असेल, लायटर असेल, असं तो स्वतःला समजावत राहिला. दवाखान्याच्या दारात संगितानं काळवंडलेल्या पँटची गुंडाळी पुढं केली. कापडाला वितळलेलं काळं रबर चिकटलं होतं.

आत उकंडराव दात आवळून पडला होता. पोलिसांच्या भीतीनं तो डॉक्टरांना एकच सांगत होता, मोबाईल फुटला.

"मोबाईल तर शर्टाच्या खिशात धड आहे," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या. "खरं काय ते कळू द्या. बॅटरीचं रसायन जखमेत गेलं असेल तर आत्ताच काहीतरी करावं लागेल."

संगितानं धम्मानंदची बाही धरली. "भाऊ, तुमाला म्हाईत हाय का? सांगा ना! पाया पडते."

दुकान जाईल, ठाण्यात बसावं लागेल, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. "ई-सिगारेट व्हती," तो म्हणाला. "बॅटरीचीच. मीच दुरुस्त केली. रबर कच्चं हाय हे मला म्हाईत व्हतं."

डॉक्टर लगेच आत वळल्या. संगितानं बाही सोडली.

"मग काल सोबत चा पेत बसला व्हता, तवा काहून न्हाई सांगितलं?"

धम्मानंद तिथूनच पोलीस ठाण्यात गेला.

जबाब त्यानं स्वतःहून दिला. पोलीस पाना, स्क्रू ड्रायव्हर सगळं घेऊन गेले; दुकानाला कुलूप लागलं. उकंडरावला नांदेडला हलवलं, मांडीवर दुसरीकडची कातडी लावली. पाय वाचला, पण गुडघा वाकत नव्हता. क्लच दाबणं आता जमेल असं कुणी म्हणत नव्हतं.

आठव्या दिवशी धम्मानंद भेटायला गेला. उकंडरावनं मान त्याच्याकडं वळवली.

"तू घाईत चुकला असशील, असं मी संगिताला म्हणत व्हतो," तो म्हणाला. "खरंच म्हाईत व्हतं तुला?"

"व्हय."

उकंडरावनं तोंड भिंतीकडं फिरवलं. संगितानं पडदा ओढला.

धम्मानंद नांदेडच्या बसस्टँडवर येऊन बसला. वारंग्याकडं जाणाऱ्या तीन गाड्या लागल्या आणि निघून गेल्या. कंडक्टर ओरडत होते, माणसं धावत होती. त्याला बाकावरून उठता येत नव्हतं.