रंगाखालची अर्थिंग

कुवेतला, मीना अल-अहमदी बंदराच्या रिफायनरीत मी अर्थिंगचा माणूस होतो. प्रत्येक टाकी, प्रत्येक पंप तारेने जमिनीशी नीट जोडलाय की नाही हे बघणं माझं काम. हाताखालच्या लोकांना मी रोज एकच ऐकवायचो: तार बसवण्याआधी रंग खरवडा, लखलखीत धातू दिसेपर्यंत. रंगातून वीज जात नाही. ते मला कंटाळले होते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

बायको लांब जहरा गावी, तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती. लग्नाला दोन वर्षं होऊनही ती तिकडच्या हॉस्टेलमध्ये आणि मी इकडे. भेट फक्त शुक्रवारी. १९९०च्या सुरुवातीला तिला घरी राहायची परवानगी मिळाली, ती मी घेतलेल्या गाडीच्या भरवशावर. गाडी वीस वर्षं जुनी, अमेरिकन, दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. चालू झाली की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरायच्या. खाऱ्या हवेने गंज धरू नये म्हणून मी बॉनेटखालचं बरंचसं खोलून तिला जाड रंगाचे दोन हात दिले होते. एवढे लाड बायकोचे केले नव्हते, असं बायकोचं म्हणणं.

आणि नेमकी तेव्हापासून गाडी सकाळी अडून बसायला लागली. किल्ली फिरवली की नुसती कण्हायची. मी बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला. बायकोला दोनदा उशीर झाला. गुरुवारी ती घरी आली ती पडलेल्या चेहऱ्यानेच. हॉस्पिटलच्या केरळी मेट्रनबाईंनी सांगितलं होतं, "सिस्टर, एक बार और लेट, तो वापस हॉस्टेल."

हॉस्टेलमधून आणलेली तिची ट्रंक तशीही अजून भरलेलीच होती. लागेल तेवढं काढायची आणि धुतलं की घडी करून परत त्यातच ठेवायची. ती ट्रंक मला फार खुपायची.

शुक्रवारी सकाळी मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा, आणि ती किल्लीवर. चार-पाचदा फिरवून झाल्यावर आतून आवाज आला.

"अहो, या चोकला ताप आलाय."

"काहीतरीच काय!"

"हात लावून बघा. तीन-चारच्या खाली नाही."

डॅशबोर्डवरची चोकची मूठ खरंच चटका देत होती. ती एका बारीक तारेने इंजिनाला जोडलेली. तिने गरम व्हायचं काही कारणच नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिन रबरावर बसलेलं असतं. स्टार्टरला दिलेली वीज बॅटरीकडे परतते ती इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या एका विणलेल्या पट्टीतून. ती वाट बंद झाली की मिळेल त्या वाटेने जायला बघते, आणि इथे तिला ही बिचारी तार मिळाली होती. मी पट्टीचे बोल्ट सोडले. दोन्ही टोकांखाली माझा रंग, चांगला दोन हातांचा.

ती खाली उतरून आली. "काय निघालं?"

"पट्टीखाली रंग आहे."

"कोणी लावला?"

"मीच."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान!" म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिने स्वयंपाकघरातून जुनं उलथनं आणून दिलं. मी खरवडत बसलो आणि ती कमरेवर हात ठेवून उभी. "अजून थोडं. लखलखीत म्हणता ना तुम्ही?"

पट्टी परत आवळली आणि गाडी पहिल्याच फटक्यात गरजली. शनिवारी आम्ही जहऱ्याला पोचलो तेव्हा मेट्रनबाईच अजून यायच्या होत्या.

संध्याकाळी कामावरून आलो तर माझे शर्ट खुर्चीवर पडलेले आणि कपाटात तिच्या साड्या. ट्रंक रिकामी होऊन पलंगाखाली गेली होती. शर्टांवरून मी थोडी कुरकुर केली, करायची म्हणून. इतका सुखी मी त्या देशात कधीच नव्हतो.

ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य शिरलं आणि काही आठवड्यांनी आम्हालाही कुवेत सोडावं लागलं. ट्रंक पुन्हा बाहेर निघाली. या वेळी तिच्यात दोघांचे कपडे भरले. मी किल्ली फिरवली, गाडी लगेच चालू झाली. बायकोने सवयीने चोकवर हात ठेवून पाहिला.

"गार आहे," ती म्हणाली. "चला."