क्वार्टर न सोडणाऱ्या पेशी

मरणाची बातमी माझ्या धाकट्या मेहुणीइतक्या आनंदानं सांगणारं माणूस अख्ख्या भिलाईत सापडणार नाही. रायपूरच्या प्रयोगशाळेतून परतताना ती आधी आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरवर स्कूटर थांबवते आणि फाटकातूनच सांगते, "भाऊजी, आज लय मेल्या." शेजारचे लोक चपला शोधू लागतात. मेलेल्या असतात काचेच्या बशीतल्या, रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी. त्यातही औषधाला अजिबात दाद न देणाऱ्या. ज्यांना मारायचं त्यांनाच ही वेळेवर खाऊ घालते. माझ्या पुतणीच्या लग्नात भरल्या पंगतीतून उठली. का, तर त्यांची जेवायची वेळ झाली. "नवरदेव थांबतो भाऊजी, त्या नाही थांबत."

हे वेड तिला आधीपासूनचं. त्याच आजारानं पुढे सासूबाईंना गाठलं, आणि मागच्या हिवाळ्यात त्यांचंही औषध लागू पडेनासं झालं. असं का होतं, हे मी तिला विचारलं. माझं विज्ञान दहावीत संपलेलं. ती म्हणाली, पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, म्हणजे पेशीचं पॉवर हाऊस. औषधाचा निरोप आला की काही प्रथिनं त्याच्या भिंतीला भोकं पाडतात आणि पेशी गुमान मरते. या बदमाश पेशींत मात्र ती भोकं पडू न देणारी प्रथिनंच जास्त. मी समजल्यासारखी मान हलवली. तिनं ते ओळखलं.

"भाऊजी, तुमी रिटायरमेंट घेतली, कंपनीची नोटीस आली, तरी क्वार्टर सोडून नाही राहिले. नोटीस म्हणजे औषध. अन् नोटीसवाल्याले दारातच चहा पाजून वापस पाठवते ते प्रथिन म्हणजे आमची ताई."

"मले प्रोटीन म्हणून राहिली का वं तू?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. दवाखाना इथून जवळ पडतो, ही आमची सबब तेव्हा खरी होती. सासूबाई आतल्या खोलीत आमच्याकडेच होत्या.

तिथून त्या रोज संध्याकाळी विचारत, "मेल्या का वं?" पोरीला खोटं बोलता येत नाही. नसल्या मेल्या की "नाही" म्हणायची आणि ताटावर नुसती बसून राहायची. मग आजारी माणसानंच समजूत काढायची, "उद्या मरतील. तू जेव."

एकदा ती धावतच आत गेली. दोन औषधं सोबत दिली होती, बशीतल्या झाडून साऱ्या मेल्या होत्या.

"अन् माह्या?" सासूबाईंनी विचारलं.

मी दारात उभा होतो. आता तरी हिनं खोटं बोलावं, असं मला फार वाटलं.

"औषधाले बशीतून माणसात याले लय वर्षं लागतात, आई."

"मंग दुसऱ्या कोनाच्या आईच्या मरतील," सासूबाई म्हणाल्या. "चाल, जेवून घे."

आता विचारायचं काम माझ्याकडे आलं आहे. ती आली की मी पेपर बाजूला ठेवतो आणि जमेल तेवढ्या सहज म्हणतो, "मेल्या का?" ती सगळं सांगते, प्रथिनांच्या नावांसकट. फक्त सांगताना तिचं तोंड आतल्या रिकाम्या खोलीकडे असतं.