वरच्या स्विचमधल्या दोन वायरी

दिवाळीच्या आधीचा रविवार. सकाळी अकरा वाजता मी मानकोलीच्या एका औषधांच्या गोडाऊनमध्ये, सर्व्हर रूमच्या थंडगार हवेत बसलो होतो... स्वतःच्याच हाताने केलेलं काम उलटं करायला.

झालं असं की तिथली कॉम्प्युटरची व्यवस्था मी बघतो, आणि गणपती झाल्यावर मी तिथल्या दोन स्टोरेज स्विचवर नवीन सॉफ्टवेअर चढवलं. जुनं छान चाललं होतं, कुणाची काही तक्रार नव्हती. पण नवीन आलंय म्हटल्यावर मला राहवेना... आणि तेव्हापासून सिस्टीम दर दोन-तीन दिवसांनी मध्येच अडखळायला लागली. शेवटी स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टवाल्यांनी सांगितलं, गुपचूप जुन्यावर परत या.

स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नाही बरं का. गोडाऊनच्या सगळ्या ऑर्डरी ज्या स्टोरेजमध्ये असतात, ते आणि सर्व्हर यांच्यामध्ये हे दोन चपटे डबे बसतात, एक वर, एक खाली. प्रत्येक सर्व्हरची एक वायर वरच्यात, एक खालच्यात. एक डबा बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहतं.

मागे येणं हे पुढे जाण्यापेक्षा किचकट असतं. थेट जुन्यावर उडी मारता येत नाही, मधल्या व्हर्जनवर थांबावं लागतं. नवीनमधल्या ज्या सोयी जुन्याला कळत नाहीत, त्या आधी एकेक करून बंद करायच्या. सेटिंगची कॉपी काढून ठेवायची. आणि एका वेळी एकच स्विच... तो पूर्ण उठून उभा राहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

आणि चार वाजता डायलिसिसच्या सामानाच्या गाड्या निघणार होत्या. सोमवारी सकाळी ते सामान लहान-लहान गावांतल्या हॉस्पिटलांत पोचायलाच हवं होतं. मॅनेजर दारात येऊन दोनदा सांगून गेला, "देखो भाई, चार बजे गाडी निकलनी चाहिए."

मी त्याला समजावलं. वरचा स्विच वीसेक मिनिटं बंद राहील, सगळा भार खालचा घेईल, स्क्रीनवर सगळं हिरवं आहे, टेन्शन लेने का नहीं. तो गेला. मी शेवटची कमांड टाइप केली, फक्त एंटर दाबायचं बाकी होतं.

तेवढ्यात कोपऱ्यात लादी पुसणाऱ्या वंदनाताई उभ्या राहिल्या. जवळच्याच अंजूर गावच्या. कंत्राटी हाउसकीपिंगमध्ये आहेत, रोज ती खोली त्याच साफ करतात. एरवी 'चहा ठेवू का सर' यापलीकडे आमचं बोलणं नाही.

"सर, थांबा जरा," त्या म्हणाल्या. "त्या मधल्या मशीनच्या दोन्ही वायरी वरच्यातच हायत. खालच्यात एक पन न्हाय."

मी उठून मागे जाऊन पाहिलं... खरंच. आणि मधला सर्व्हर म्हणजे नेमका ऑर्डरींचा. मी एंटर दाबलं असतं तर तो चालू कामात तुटला असता, अर्धवट लिहिलेल्या ऑर्डरी निस्तरता निस्तरता रात्र झाली असती.

"दसऱ्याला हार घालताना माझ्याच हातून निघाली व्हती," त्या खाली बघत म्हणाल्या. "परत लावली तर वरती बसली. दिवा पेटला, मला वाटलं झालं बरोबर. नंतर बाकीच्या मशीनी बघून समजलं, पन सांगायला भ्याले. कंत्राटदार लगेच काढतो."

माझं डोकं सटकलं होतं. तोंडातून काहीतरी निघणारच होतं, पण मनात आलं... वायर चुकली तर मला अलार्म यायला हवा होता. जुन्या नोंदी उघडल्या.

अलार्म आला होता. दसऱ्याच्या संध्याकाळी. मी खारबावला घरी होतो, पाहुणे बसलेले. सर्व्हरची खालच्या स्विचवरची लाइन गेलेली आणि तीच वायर वरच्यात आलेली दिसली, मी लॅपटॉपवरूनच त्या वायरीला वरच्या स्विचमधून परवानगी देऊन टाकली आणि लाल होतं ते हिरवं झालं. उद्या जाऊन बघू म्हटलं, आणि गेलोच नाही.

लाज वाटली, खरंच. त्यांनी चूक केली ती न कळून, मी केली ती आळसाने. आणि नोकरी जाण्याची भीती असून आधी बोलल्या त्या.

त्यांना म्हटलं, "ताई, माझी चूक तुमच्यापेक्षा मोठी आहे." त्या हातातला फडका पिळत राहिल्या.

मग ती वायर खाली लावली. स्क्रीनवर विश्वास न ठेवता प्रत्येक वायर बोटाने धरून तपासली, वंदनाताईंनी मोबाइलचा टॉर्च धरला. मग वरचा स्विच... मधलं व्हर्जन, थांबलो, मग जुनं. बाहेर लेबलांचे प्रिंटर एकदाही थांबले नाहीत. मग खालचा. तीनच्या सुमारास दोन्ही जुन्यावर आले आणि चारला गाड्या निघाल्या.

"रिपोर्टात नाव नका टाकू सर," एवढंच त्या म्हणाल्या. नाही टाकलं. एक वायर चुकीच्या जागी होती आणि त्याचा अलार्म मी जागेवर जाऊन न बघता घरबसल्या बंद केला, असं सरळ लिहिलं. मॅनेजरची बोलणी खाल्ली, ती माझ्या वाट्याचीच होती. वंदनाताई हे नावही मी इथे बदलून लिहिलंय.

परवा सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सर, मी कायपन हात लावला न्हाय. पन खालच्या डब्यात एक दिवा नारंगी झालाय. तुमाला सांगून ठेवलं."

लॅपटॉप समोरच होता. तो मिटला, बाइक काढली आणि मानकोलीला गेलो.